वॉरंटी दसऱ्याला संपते, फोन दिवाळीत जातो : पार्श्वभूमी

ऑक्टोबर अर्धा सरला की कोकणातल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी वाढते. काच फुटलेले फोन बारा महिने येतच असतात. या दिवसांत त्यांच्या जोडीला वरून कोरे करकरीत दिसणारे, पण पार मुके झालेले फोन यायला लागतात. दुरुस्तीवाले त्यांना ‘डेड सेट’ म्हणतात. गिऱ्हाईक बिल पुढे करून तारखेवर बोट ठेवतं : वॉरंटी संपून पंधरा दिवस, फार तर महिना. ‘कंपनीनेच आत घड्याळ लावून ठेवलंय’ हा निकाल तिथेच, काऊंटरवर लागतो.

हा संशय जुना आहे आणि अगदीच निराधार नाही. 1925 च्या सुमारास बड्या बल्ब कंपन्यांनी आपसात ठरवून बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणलं होतं. ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड. दुसऱ्या महायुद्धात ती युती मोडली. आपल्याकडे मात्र फोनच्या बाबतीत हा प्रश्न पडायला बराच काळ जावा लागला, कारण घरातला काळा डायलचा फोन मुळात आपला नसायचाच. तो टेलिफोन खात्याचा. बिघडला की लाईनमन यायचा. कधी यायचा, हा वेगळा विषय.

2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मोबाईल वाडीवाडीत शिरला. त्या बटणांच्या फोनची पाठ नखाने उघडायची. भिजला की बॅटरी बाहेर, सिम बाहेर, आणि सगळं चुलीच्या उबेला किंवा तांदळाच्या डब्यात. (तांदळाने फोन सुकतो की नाही यावर वाद घालता येईल, चार्जिंगच्या भोकात कोंडा मात्र हमखास जातो.) वॉरंटी कार्डावर फोनला 1 वर्ष आणि बॅटरी-चार्जरला 6 महिने असं वेगवेगळं लिहिलेलं असे. म्हणजे बॅटरी आधी जाणार हे कंपनी लिहून देत होती आणि ती बदलायला कोणाची परवानगी लागत नव्हती. 2007 नंतर बंद पाठीचे फोन आले, आणि पुढच्या दहा वर्षांत स्वस्त फोनसुद्धा डिंकाने चिकटवून यायला लागले. तिथून बॅटरीचं दुखणं म्हणजे अख्ख्या फोनचं दुखणं झालं. साधी लिथियम बॅटरी साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की 80 टक्क्यांवर येते. रोज एकदा चार्ज धरला तर सव्वा-दीड वर्ष. एक वर्षाची वॉरंटी या आकड्याच्या अलीकडे बसते, आणि हे कंपनीला ठाऊक नसतं असं मानणं भाबडेपणाचं होईल.

कोकणापुरतं बोलायचं तर खरी गोष्ट 2014 पासूनची आहे. त्या ऑक्टोबरात ऑनलाइन सेलचा पहिला मोठा धडाका झाला आणि पुढे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या तोंडावर फोन घ्यायची सवय लागली. त्याआधी नवा फोन चाकरमान्यासोबत गणपतीत यायचा. आता पार्सल तालुक्याला येऊ लागलं. दसऱ्याला घेतलेल्या फोनचे महिने मोजून पाहा. थंडी कोरडी जाते, शिमगा जातो, मे महिना घाम काढतो, आणि पावसाला सुरुवात होते तेव्हा फोनला आठवा-नववा महिना लागलेला असतो. पुढचे चार महिने रत्नागिरी-सिंधुदुर्गात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कपडे वाळत नाहीत, ट्रंकेच्या कड्या गंजतात, चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. फोन याच घरात, याच खिशात. पाऊस संपतो तेव्हा वॉरंटीही संपत आलेली असते.

आत काय होतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की घड्याळाची कल्पना मागे पडते. माझा फोन तेराव्या महिन्यात गेला तेव्हा दुरुस्तीवाल्याने आतला सर्किट बोर्ड भिंगाखाली धरून मला वाकायला सांगितलं. चार्जिंगच्या जॅकजवळ, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत, हिरवट पांढरी बुरी चढली होती. कल्हई गेलेल्या तांब्याच्या भांड्यात आमटी राहिली की कळंक येतो तसली. खाऱ्या हवेतलं मीठ धुळीसोबत आत जातं, ओल धरून ठेवतं, आणि त्यातून वीज वाहत असल्याने धातूचे कण डाग दिलेल्या (सोल्डरच्या) एका टाक्याकडून शेजारच्या टाक्याकडे सरकत जातात. महिनोन्महिने काही कळत नाही. मग केसाहून बारीक पूल जोडला जातो आणि फोन एका रात्रीत बंद. बिघाड अचानक दिसतो, पण त्याची तयारी आषाढापासून चाललेली असते. त्यात परतीच्या पावसातल्या विजा आणि लाईट गेल्या-आल्याचा झटका हेही ऑक्टोबरातच येतात. दुरुस्तीवाल्याने जुन्या टूथब्रशने बोर्ड घासला, हीट गन फिरवली, जंपर, म्हणजे तुटलेली वाट जोडणारी बारीक तार, टाकला. फोन पाच महिने चालला.

पण त्याआधी मी सेवा केंद्रात गेलो होतो, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वात गुंतागुंतीचा शब्द तिथे भेटतो : ‘लिक्विड डॅमेज’.

फोनच्या आत, कधी सिमच्या खाचेतही, पांढरा ठिपका चिकटवलेला असतो. पाणी लागलं की तो लाल किंवा गुलाबी होतो. ठिपका लाल म्हणजे वॉरंटी बाद, मग ती संपायला दोन महिने असोत की दहा. माझ्या पुढे एक म्हातारे होडीवाले उभे होते. काऊंटरवरचा मुलगा त्यांना म्हणाला, ‘काका, पाणी गेलंय.’ ते म्हणाले, ‘खयच्या पाण्यात? हो पाण्यात पडलोच नाय, खिशात होतो.’ दोघंही खरं बोलत होते. मराठीत पाणी जाणं म्हणजे पडणं, बुडणं, भिजणं. वॉरंटीच्या भाषेत ‘लिक्विड’ कुठून आलं, किती आलं, कधी आलं याला जागाच नाही. ठिपका फक्त हो किंवा नाही सांगतो.

दमट हवेने ठिपका रंग बदलत नाही, असं कंपन्यांचं म्हणणं असतं, आणि ते एका अटीवर असतं. बऱ्याच फोनच्या माहितीपत्रकात आर्द्रतेची मर्यादा 95 टक्क्यांपर्यंत लिहिलेली असते आणि पुढे बारीक अक्षरांत : दव धरता कामा नये. आता मुंबईहून रात्रभर एसी डब्यात गार झालेला फोन घेऊन जुलैच्या पहाटे कुडाळ स्टेशनावर उतरा. चष्मा धुरकट होतो, तो पुसायला दोन सेकंद लागतात. फोनच्या आतली काच पुसणार कोण? हवा आणि पाणी यांच्यातली ही सीमा कंपन्यांनी कागदावर आखली. आमच्याकडे जूनपासून ती कुठे असते हे कोणालाच सांगता येणार नाही. अमेरिकेत या ठिपक्यावरून खटला झाला. ठिपके नुसत्या दमटपणानेही रंगू शकतात असा ग्राहकांचा मुद्दा होता, आणि 2013 मध्ये 5.3 कोटी डॉलरवर तडजोड झाली. चूक मात्र कंपनीने कबूल केली नाही.

याच्याच शेजारी दुसरा घोळ : ‘वॉटर रेझिस्टंट’. खोक्यावर आयपी68 असा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा छापलेला असतो. चाचणी होते ती गोड्या, स्थिर पाण्यात. किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवते. समुद्र त्यात नाही. जाहिरातीत मात्र लाटा असायच्या. ऑस्ट्रेलियात 2022 मध्ये एका मोठ्या कंपनीला 1.4 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला तो याच कारणाने : पोहण्याच्या तलावात आणि समुद्राच्या पाण्यात फोन वापरता येतो असं दाखवलं, आणि ओल्या फोनला चार्जर लावला तर जॅक सडतो हे सांगितलं नाही. इटलीतही 2020 मध्ये दुसऱ्या एका कंपनीला 1 कोटी युरोचा दंड बसला. फोन पाण्याला दाद देत नाही अशी जाहिरात, आणि पाण्याने बिघडला तर वॉरंटी नाही, या दोन्ही गोष्टी एकाच खोक्यात कशा, असा तिथला सवाल होता. मालवणच्या जेटीवर हा सवाल कोणीही विचारला असता.

मधली दोन वर्षं वेगळी गेली. 2020 च्या जूनपासून शाळा फोनवर भरली. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनी तो घेतला, आणि रेंजसाठी पोरं पावसात टेकडीवर, प्लास्टिक टाकलेल्या खोपीत बसली. 3 जूनच्या निसर्ग वादळानंतर कितीतरी गावांत लाईटच नव्हती. फोन गाडीच्या बॅटरीवर चार्ज झाले. लॉकडाऊनमध्ये वॉरंटी संपली त्यांना काही कंपन्यांनी महिना-दोन महिन्यांची मुदतवाढ दिली, कारण सेवा केंद्रं बंद होती. पावसाने खाल्लेल्या महिन्यांना तशी मुदतवाढ कधी मिळालेली नाही.

मुद्दाम बिघडवण्याच्या आरोपाचं काय झालं? फ्रान्सने 2015 मध्ये वस्तूचं आयुष्य जाणूनबुजून कमी करणं हा गुन्हा ठरवला. 2017 च्या डिसेंबरात एका नामांकित कंपनीने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेले फोन अपडेटमधून संथ केले जात होते. ते अचानक बंद पडू नयेत म्हणून, असं तिचं स्पष्टीकरण. 2020 मध्ये फ्रान्सनेच तिला 2.5 कोटी युरो भरायला लावले. हा आकडा लोक पुराव्यासारखा फेकतात, पण दंड होता ग्राहकाला न सांगितल्याबद्दल. आपल्याकडे 2023-24 मध्ये अपडेटनंतर स्क्रीनवर उभी हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला, आणि कित्येक फोनची वॉरंटी संपलेली होती. काही कंपन्यांनी वॉरंटीबाहेरही डिस्प्ले फुकट बदलून दिला. बोंब पुरेशी मोठी झाली की मुदतीची तारीख लवचिक होते, एवढं त्यातून दिसलं. बोर्ड सडणाऱ्याची बोंब तालुक्याबाहेर जात नाही.

कायदा ग्राहकाच्या बाजूने दिसतो. वस्तू ज्या कामासाठी घेतली त्या कामाला ती योग्य असावी हे तत्त्व 1930 च्या माल-विक्री कायद्यातच काही अटींसह आहे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक कायद्याने उत्पादकाची जबाबदारी आणली, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, 2 वर्षांच्या आत करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल आलं. 2025 च्या मे महिन्यात, कोणता फोन दुरुस्त करायला किती सोपा याला गुण देण्याची शिफारस एका समितीने केली.

पण लाल ठिपक्याची अटच अन्याय्य आहे असं म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी. करारातली अट अन्याय्य ठरवायचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. जिल्ह्यातच लढायचं तर दोष फोनचा की पाण्याचा हे ठरवायला आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची. बारा हजारांच्या फोनसाठी हा हिशोब मांडला की बहुतेक जण टूथब्रशवाल्याकडेच जातात.