पुळणीची वाळू जाते कुठे?

मे महिन्यात कोकणातल्या ज्या पुळणीवर रुंद, मऊ, हलक्या उताराची वाळू असते, तिथेच जुलैत कमरेएवढा उभा कडा तुटलेला दिसतो आणि सुरूच्या झाडांची मुळे उघडी पडलेली असतात. दर्याने वाळू गिळली, असेच पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्यातली बरीचशी वाळू किनाऱ्यासमोरच्या उथळ पाण्यात लांबट दांड्यांच्या रूपाने साठलेली असते. पावसाळी लाटा किनाऱ्याला पोचण्याआधीच या दांड्यांवर फुटून दमतात, आणि समुद्र निवळला की लहान लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. दरवर्षीच्या या येण्या-जाण्याला धूप म्हणू नये. गेलेल्या वाळूइतकी वाळू वर्षानुवर्षे परत येईनाशी झाली, तरच ती धूप.

हे काम करणारी लाट खोल समुद्रात पाणी पुढे फारसे नेत नाही. पाण्याचे कण जवळपास जागच्या जागी गोल फिरतात आणि पुढे सरकते ती ऊर्जा. दर 10 सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे 156 मीटर लांबीची असते आणि या लांबीच्या निम्म्या खोलीपासून, म्हणजे साधारण 78 मीटरपासून, तिला तळ जाणवू लागतो. पुढे पाणी उथळ होत जाते तशी ती मंदावते, आखूड व उंच होते आणि खोली तिच्या उंचीच्या सव्वापटीच्या आसपास आली की फुटते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तीन मीटरची लाट एक मीटरच्या लाटेपेक्षा नऊपट ऊर्जा घेऊन येते.

लाट किनाऱ्यावर तिरकी आली, तर ती वाळूला तिरकी वर ढकलते, पण परतणारे पाणी उताराने सरळ खाली येते. अशा असंख्य हेलकाव्यांनी वाळू किनाऱ्याला समांतर सरकत राहते. या वाटेत अडथळा आला की काय होते, ते चेन्नईत दिसते. तिथे बंदराचे काम 1876 साली सुरू झाले. पूर्व किनाऱ्यावर वर्षभराचा हिशेब धरता वाळू उत्तरेकडे सरकत असल्याने बंदराच्या दक्षिणेला ती साठत गेली आणि मरीनाची पुळण रुंदावली, तर उत्तरेला रॉयपुरमच्या बाजूने किनारा खचत गेला. पुढे तिथे दगडांच्या भिंती घालाव्या लागल्या.

आपल्याकडे धूप दिसली की पहिली मागणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची होते, आणि ज्याचे घर-वाडी लाटेच्या तोंडाशी आहे त्याची ती मागणी रास्तच असते. परंतु बंधारा त्याच्या मागची जमीन राखतो, पुढची पुळण नव्हे. उधाणाच्या भरतीला बंधाऱ्याच्या पायथ्याशी नीट पाहिले, तर आपटलेली लाट मागे फिरताना दगडांखालची वाळू ओढून नेताना दिसते. पायथा पोकळ होतो, दगड खचतात आणि काही वर्षांनी पुन्हा भर घालावी लागते. बंधारा जिथे संपतो त्या टोकाला लागून असलेल्या मोकळ्या किनाऱ्याची झीज बहुधा वाढते, म्हणजे एका वाडीचे संकट शेजारच्या वाडीकडे सरकते. मुंबईच्या मरीन ड्राइव्हची गोष्ट वेगळी आहे. तिथे भराव घालून केलेल्या जमिनीपुढे राखायला पुळणच नाही. फटींमध्ये लाट विस्कटून टाकणारे टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, तिथे योग्यच ठरतात.

कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूपट्टीवर वसलेल्या मालवणजवळच्या देवबागसारख्या गावाला मात्र दोन्हीकडून पाणी आहे, आणि तिथे वाळू हीच जमीन आहे. अशा ठिकाणी बंधाऱ्याची लांबी ठरवण्याआधी वाळू येते कुठून आणि अडते कुठे, हे पाहायला हवे असे मला ठामपणे वाटते. नद्यांवरची धरणे गाळ अडवतात, खाडीतला वाळूउपसा साठा कमी करतो; हे चालू ठेवून किनाऱ्यावर दगड टाकत राहणे म्हणजे खर्च वाढवणे आहे.

नेदरलँड्सने 2011 साली हेग शहराजवळ सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती शेजारच्या किनाऱ्यांवर पसरवण्याचे काम लाटा, वारा व प्रवाहांवर सोपवले. एवढी वाळू उपसणे आपल्याला सहज परवडणारे नाही. वाळूवर पसरणारी मर्यादवेल आणि केवडा मात्र पुळणीच्या वरच्या भागातली उडती वाळू धरून ठेवतात, आणि त्यांना तिथे वाढू देण्यासाठी फारसा खर्चही लागत नाही. खारफुटीचे स्थान खाडीतल्या शांत चिखलात आहे. लाटा थेट फुटतात त्या उघड्या पुळणीवर तिची रोपे लावली, तर ती तग धरत नाहीत.