वळणावरील कर्कश ध्वनी, रेल्वेचा

आगगाडी, मेट्रो किंवा ट्राम कमी त्रिज्येच्या वळणावरून जाताना चाक आणि रूळ यांच्या स्पर्शातून निघणारा उंच, एकसुरी आवाज. साधारणपणे २०० मी.हून कमी त्रिज्येच्या वळणांवर तो अधिक आढळतो. वळणाची त्रिज्या बोगीच्या (येथे डबा नव्हे, तर डब्याखालील चाकांची चौकट) दोन कण्यांमधील (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यांमधील) अंतराच्या सुमारे १०० पटींहून जास्त असल्यास आवाज सहसा होत नाही, असा ठोकताळा आहे.

त्याच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एकाच कण्यावर घट्ट बसवलेल्या दोन चाकांना असमान अंतर कापावे लागते, त्यामुळे ती रुळावर लांबीच्या दिशेने घसरतात, असे एक स्पष्टीकरण. चाकाची कड (चाक रुळावरून उतरू नये म्हणून असलेला उंचवटा) बाहेरच्या रुळाला घासते, हे दुसरे. संशोधक एम. जे. रड यांनी १९७६ मध्ये या दोहोंऐवजी आडव्या घसरणीवर भर दिला. बोगीतील दोन्ही कणे एकमेकांना समांतर राहत असल्याने वळणावर चाक रुळाशी किंचित तिरपे होते आणि पुढे जाता जाता रुळाच्या माथ्यावर आडवेही सरकते. सर्वांत मोठा आवाज बहुधा बोगीच्या पुढच्या कण्यावरील आतल्या चाकातून येतो, आणि त्या चाकाची कड तर रुळापासून दूर असते. हे निरीक्षण रड यांच्या बाजूने बरेच बोलके आहे. कडेच्या घर्षणाचाही आवाज होतो, पण तो अधिक उंच, खरखरीत आणि तुटक असतो.

आडव्या घसरणीतून कंपन का वाढते, हा पुढचा वाद. घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी होते आणि व्हायोलिनच्या तारेवर गज फिरवावा तसे चाक चिकटते-सुटते, हे रूढ मत. घर्षण स्थिर असले तरी चाकाची उभी आणि आडवी कंपने एकमेकांना ऊर्जा पुरवू शकतात, हे अलीकडचे मत. परिस्थितीनुसार दोन्ही क्रिया घडत असाव्यात, हे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पोलादी चाकात कंपने फार हळू विरतात, त्यामुळे ते स्वतःच्या नैसर्गिक कंप्रतेवर, म्हणजे काहीशे ते काही हजार हर्ट्‌झवर, घुमू लागते.

पावसात रूळ ओले झाले की आवाज पुष्कळदा थांबतो. चाकांना कंपनशोषक कडी बसवणे, वळणाप्रमाणे कणे वळू देणाऱ्या बोगी वापरणे हे उपाय आहेत. १९३६ पासून धावू लागलेल्या अमेरिकन पीसीसी (प्रेसिडेंट्स कॉन्फरन्स कमिटी) ट्रामच्या चाकांत रबर घातलेले होते. रुळाच्या माथ्यावर साधे ग्रीस लावल्यास ब्रेक नीट लागत नाहीत, म्हणून तेथे घर्षण मध्यम ठेवणारे आणि घसरणीच्या वेगाबरोबर ते उतरू न देणारे खास लेप वापरतात.