गुण शिल्लक म्हणजे पैसे शिल्लक नव्हेत

आयपीएलच्या लिलावातली पर्स ठाऊक असेल, तर सॅलरी कॅप, म्हणजे पगारमर्यादा, वेगळी समजावायला नको. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या छोट्या क्लबांवरही तशीच मर्यादा असते. फक्त आकडे लहान आणि लीगगणिक वेगळे. खेळाडू आठवडाभर नोकरी किंवा शेती करतात आणि शनिवारी सामन्याचे पैसे घेतात.

घोळ होतो तो खेळाडू-गुणांच्या नियमाशी. गुण आले २०१६ मध्ये, पगारमर्यादा २०१७ मध्ये, आणि तेव्हापासून दोन्ही एकाच पोत्यात घातले जातात. 'गुण उरलेत, अजून एक तगडा खेळाडू घेऊ' हे वाक्य तर ऐकवत नाही. (सामना जिंकल्यावर मिळणारे ४ गुण गुणतक्त्यातले, त्यांचा इथे संबंध नाही.)

खेळाडूला तो आला कुठून यावरून १ ते ६ गुण लागतात. क्लबच्याच ज्युनियर संघांत वाढलेल्याला १, वरच्या स्तरावर खेळून आलेल्या बाहेरच्याला जास्त. क्लबात टिकला की दर मोसमाला एकेक गुण उतरतो. सामन्याच्या दिवशी २२ जणांची बेरीज ठरलेल्या आकड्यात बसावी लागते. अकरांत चारच परदेशी, त्याच जातीचा हा नियम.

म्हणून एएफएल, म्हणजे या खेळाची सर्वोच्च लीग, खेळून आपल्या गावच्या क्लबात परतलेला मुलगा १ गुणात बसतो, पण त्याचा प्रत्येक डॉलर पगारमर्यादेत मोजला जातो. उलट हौसेने फुकट खेळणारा बाहेरचा राज्य-लीग खेळाडू पैशांत शून्य, पण गुण भरपूर खातो.

समजा मर्यादा ४० गुणांची आहे. घरचे १६ जण १६ गुणांचे, बाहेरचे ६ जण प्रत्येकी ४ गुणांचे: बेरीज बरोबर ४०. गुरुवारच्या सरावात घरच्या एकाचा घोटा मुरगळला आणि जागी ३ गुणांचा राखीव खेळाडू आला, की झाले ४२. तिजोरीत कितीही डॉलर असोत, हा संघ उतरवता येत नाही. राखीव फळीत १ गुणाची मुले हवीतच. ज्युनियर संघ बंद पाडणारे क्लब इथेच फसतात.

पैशांचा हिशेब मात्र अख्ख्या मोसमाचा. सही करताना दिलेली रक्कम आणि प्रायोजकाने परस्पर दिलेले पैसेही त्यात धरायचे. गुण चुकले तर टीम शीटवरच, म्हणजे सामन्याच्या खेळाडू-यादीतच, दिसते. पैसे लपवले तर वह्या तपासल्याशिवाय कळत नाही. दोन्हींत मला गुणांचाच नियम जास्त भरवशाचा वाटतो.