कायदा एकट्या सरकारचा कसा झाला? खानदेशातली पार्श्वभूमी

शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर थाळनेरचा किल्ला आहे. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला झालेल्या तहात होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकला. फेब्रुवारीच्या अखेरीस कंपनीचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला. किल्लेदार तुळशीराम याने किल्ला लगेच खाली केला नाही. तोफा चालल्या, बोलणी सुरू झाली, आतल्या दरवाजाशी चकमक उडून काही इंग्रज अधिकारी पडले. मग शिबंदीची, म्हणजे किल्ल्यातल्या शिपायांची, कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिली गेली. तहाने मुलूख आमचा झाला, म्हणून लढणारा बंडखोर ठरतो, असे कारण इंग्रजांकडून सांगितले गेले. खुद्द इंग्लंडच्या संसदेत त्यावर वाद झाला.

तह दोन दरबारांत झाला होता. थाळनेरच्या माणसांना कोणी विचारले नव्हते. ज्या करारावर आपण सही केली नाही, तो मोडल्याबद्दल आपला जीव घेण्याचा हक्क कोणाला कसा मिळतो? कायदा आणि निवाडा करण्याचा हक्क एकट्या सरकारचा, या कायदेमक्तेदारीवरचा नैतिक आक्षेप या एका प्रश्नात सामावला आहे, आणि खानदेशात तो पुस्तकातून आलेला नाही.

ही मक्तेदारी फार जुनी आहे असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत निवाडा करणाऱ्यांची उतरंड सांगितली आहे: कुल (घराणे), श्रेणी (एका धंद्याच्या लोकांचा संघ), पूग (एका गावच्या वेगवेगळ्या लोकांची सभा) आणि वर राजा. राजाने देशाचार, जातीचे आणि श्रेणींचे रिवाज पाळावेत, अशीच धर्मशास्त्राची अपेक्षा होती. रिवाज आधीचा, राजा त्याचा राखणदार. मराठी अमदानीत गोतसभा बसे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार हजर असत, पुरावे ऐकून महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत, म्हणजे पंचांचा निवाडा मान्य करू असे लेखी कबूल करत. निवाड्याआधी संमती घ्यायची हा रिवाज मला फार मोलाचा वाटतो. या व्यवस्थेतही सरकारचा हात होताच. जिंकणाऱ्याकडून हरकी (नजराणा) आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) सरकार वसूल करी.

कंपनीचा दख्खनमधला कमिशनर एल्फिन्स्टन याला अशा पंचायतींची किंमत कळली होती. १८१९ च्या अहवालात त्याने त्या टिकवाव्यात असे सुचवले. पण मुंबई इलाख्याची १८२७ ची कायद्यांची नियमावली आली, जिल्हा न्यायाधीश आले, अपिलाची वाट खुली झाली आणि पंचांचा शब्द हलका होत गेला. कोणी पंचायत बंद केली नाही. तिचा निवाडा कोर्टात टिकेनासा झाला, एवढे पुरेसे ठरले.

सातपुड्यात हीच गोष्ट अधिक कठोरपणे घडली. घाट राखायचे, वाटसरूंना सुखरूप पार करायचे आणि त्याबदल्यात हक्क घ्यायचा, हे भिल्ल नाईकांचे काम होते. खानदेशातला कंपनीचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याने काही नाईकांना पगार बांधून दिले. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभारली. तीच राखण, पण आता हुकूम वरून. सेंधव्याचा घाट राखणाऱ्या खाज्या नाईकाच्या बाबतीत हा फरक उघडा पडला. त्याने वर्षानुवर्षे कंपनीसाठी घाट सांभाळला. दरोड्याच्या संशयावरून पकडलेला एक माणूस त्याच्या हातून मेला, तेव्हा त्याच कंपनीच्या कोर्टाने त्याला तुरुंगात घातले. सुटल्यावर परत कामावर घेतले. १८५७ मध्ये तो कंपनीविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या लढाईनंतर पकडलेल्या अनेक भिल्लांना इंग्रजांनी जागच्या जागी लष्करी चौकशी उरकून गोळ्या घातल्या. संशयिताला मारल्याबद्दल नाईकाला शिक्षा झाली होती. अंबापाणीबद्दल कोणाला झाली?

१८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकरी जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध हजारोंनी जमले, तेही फौज आणूनच मोडले गेले.

याच काळात हा आक्षेप पश्चिमेत लेखी मांडला जात होता. १८४९ मध्ये मोलिनारी या बेल्जियन अर्थशास्त्रज्ञाने विचारले, की इतर सगळ्या मालात मक्तेदारी वाईट, तर संरक्षणात ती चांगली कशी? अमेरिकेत लायसँडर स्पूनर या वकिलाने १८६७ पासूनच्या पुस्तिकांत लिहिले, की राज्यघटना हा करार असेल तर ज्यांनी तो केला त्यांच्यापुरताच तो बांधील. १९१९ मध्ये माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने राज्यसंस्थेची व्याख्याच बळाच्या वैध वापराची मक्तेदारी अशी केली. त्याला ती निंदा म्हणून करायची नव्हती, पण आक्षेप घेणाऱ्यांना नेमके शब्द मिळाले.

आपल्याकडे हा वाद धुळ्यातच समोरासमोर ठेवता येतो. १९३२ मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथली त्यांची गीतेवरची प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. पुढे विनोबांनी शासनमुक्त समाजाची कल्पना मांडली, राजनीतीऐवजी लोकनीती, म्हणजे सत्तेऐवजी लोकांनी स्वतः चालवलेला कारभार. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकर एका खटल्यात वकील म्हणून त्याच धुळ्याच्या कोर्टात आले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी गावाला संकुचितपणाचे डबके आणि अज्ञानाची गुहा म्हटले. गावकुसाबाहेरच्या माणसाला गोतसभेत बरोबरीची जागा नव्हती. त्याच्यासाठी दूरचे कोर्ट हाच एक दरवाजा होता.

आंबेडकरांचे म्हणणे बाजूला सारून मक्तेदारीवर टीका करणे मला अप्रामाणिक वाटते. जातपंचायत वाळीत टाकते, दंड लावते, लग्ने मोडते, आणि तिच्या माणसाला दुसरीकडे जायची सोय ठेवत नाही. म्हणजे तीही मक्तेदारच, फक्त छोटी. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो याचमुळे. पण म्हणून मोठ्या मक्तेदाराचे पाप धुतले जात नाही. जे शेजाऱ्याने केले तर खंडणी किंवा डांबून ठेवणे ठरते, ते वर्दीतल्या माणसाने केल्यावर आपोआप न्याय्य होत नाही. संमती आणि बाहेर पडायची मोकळीक ही कसोटी पंचांना लावायची तशीच सरकारलाही लावली पाहिजे.

फौजदारी खटल्याचे नाव बघा: महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक. ज्याची बैलजोडी चोरीला गेली तो त्यात नुसता फिर्यादी आणि साक्षीदार असतो. दंड झाला तर कोर्टाने वेगळा हुकूम केल्याशिवाय पैसा सरकारजमा होतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगावकडच्या आदिवासी पाड्यांत पंच बसतात, तेव्हा पहिला प्रश्न नुकसान कोणाचे झाले आणि ते कसे भरून द्यायचे, हा असतो.

१९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांची ही तंटे मिटवण्याची परंपरागत पद्धत मान्य केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रस्तावनेत आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे कबूल केले. दोन्ही कायदे संसदेचे आहेत आणि संसद ते बदलू शकते. जे सरकारच्या आधीपासून होते, ते सरकारने दिले असे कागदावर आले आहे.