लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आणि जाड गोळीची काडतुसं

ट्रिगरखालची कडी खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत जातं, ती लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल. तिच्यातली बिग-बोअर म्हणजे जाड गोळीची काडतुसं, साधारण .३५ इंचापासून पुढची. भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे, त्यामुळे हा सगळा मामला अमेरिकेतला, तिथल्या दाट झाडीतल्या व्हाइटटेल हरणाच्या शिकारीचा. अशा झाडीत हरीण दिसतं तेच मुळात पन्नास-साठ यार्डांवर, मग लांब पल्ल्याची रायफल घेऊन करायचं काय.

लोक आधी ताकदीचे आकडे बघतात, पण माझ्या मते आधी मॅगझिन बघावं. मार्लिन ३३६ किंवा विंचेस्टर ९४ या रायफलींमध्ये काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक आडवी असतात, म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं प्रायमरलाच, म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणाऱ्या टोपीलाच टेकलेलं. गोळी टोकदार असली तर बार उडाल्यावरच्या धक्क्याने पुढचं काडतूस नळीतच फुटू शकतं, म्हणून इथे गोळ्या चपट्या नाकाच्या. त्या हवेत लवकर मंदावतात, त्यावर हॉर्नडी या काडतूस कंपनीने टोकदार पण मऊ टोकाची गोळी काढली. सॅव्हेज ९९ रायफलीचं मॅगझिन फिरतं, तिथे ही अडचणच नाही.

यातलं सगळ्यात जुनं आणि अजूनही लाडकं काडतूस .४५-७०. १८७३ ला अमेरिकन लष्कराने घेतलं, ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची म्हणजे जवळपास २६ ग्रॅमची गोळी. पुढे ते विंचेस्टरच्या 'मॉडेल १८८६' रायफलीत आलं आणि १९७२ ला मार्लिनने आपल्या नव्या 'मॉडेल १८९५' रायफलीत परत आणलं. शंभर यार्डांवर नेम जुळवला तर दोनशेवर गोळी साधारण फूटभर खाली जाते, कधी त्याहून बरीच जास्त. आणि जाड गोळी फांद्या कापत सरळ जाते असं सर्रास म्हणतात, ते खरं नाही, फांदी लागली की तीही वळते.

जुन्याला नवं बनवताना खरा धोका दाबाचा. .४५-७० चे आजचे जड भरलेले बार त्या काळच्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या लष्करी रायफलीत अजिबात घालू नयेत, ती काळ्या दारूच्या दाबासाठी केलेली. १९७८ चं .३७५ विंचेस्टर हे काडतूस जुन्या .३८-५५ वरून आलेलं, दिसायला इतकं सारखं की जुन्या .३८-५५ च्या रायफलीत बसूही शकतं, पण दाब कितीतरी जास्त, बंदूक फुटून माणूस जखमी होऊ शकतो. म्हणून बॅरलवर कोरलेलं नाव वाचा आणि बॉक्सवरच्या नावाशी ताडून बघा, दर वेळी. .४५० मार्लिन २००० मध्ये आलं तेव्हा त्याच्या बुडाला मुद्दाम पट्टा दिला, जुन्या .४५-७० च्या रायफलीत ते जाऊच नये म्हणून. १९६४ च्या .४४४ मार्लिनची गंमत वेगळी, सुरुवातीला त्यात .४४ मॅग्नम पिस्तुलाच्याच २४० ग्रेनच्या गोळ्या, त्या एवढ्या वेगात जनावराला लागताच फुलायच्या आणि खोल जायच्या नाहीत.

अलीकडे काही राज्यांत निवड कायदाच ठरवतो. ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात वस्ती दाट, गोळी फार लांब जाऊ नये म्हणून हरणासाठी आधी मुख्यतः शॉटगनच चालायची, मग २०१४ ला सरळ भिंतीच्या केसची, म्हणजे ज्यांची धातूची नळी तोंडाशी निमुळती होत नाही अशी, काडतुसं चालू झाली. मिशिगनने केसच्या लांबीला १.८ इंचांची मर्यादा घातली. २०२३ चं .३६० बकहॅमर जुन्या .३०-३० काडतुसाची केस सरळ करून बरोबर तेवढ्याच लांबीचं केलंय. .४५-७० ची केस २.१ इंच, त्यामुळे मिशिगनच्या त्या नियमात ते बसलं नाही, शेजारच्या ओहायोत मात्र चाललं.