मुंबईतील वास्तूंच्या व विमानांच्या आख्यायिका

मुंबईतील जुन्या इमारती, बंद गिरण्या, गोद्या, टेकड्या आणि विमाने यांच्याभोवती पिढ्यानपिढ्या सांगितल्या जाणाऱ्या भुताटकीच्या, भुयारांच्या व दडपलेल्या शोधांच्या कथांचा या आख्यायिकांत समावेश होतो. त्यांतील काही निव्वळ कल्पित आहेत, काहींच्या मुळाशी खरी घटना आहे, आणि निदान एक तरी अशी आहे की जी ऐकीव गप्प म्हणून सांगितली जात होती आणि पुढे भिंत फोडल्यावर खरी निघाली.

भुताखेतांच्या कथांचा मोठा भाग कोकणातून आणि घाटावरून गिरणीकामासाठी आलेल्या कुटुंबांबरोबर शहरात आला. मुंजा, हडळ, खवीस, वेताळ ही मंडळी गावच्या वेशीवरची. पैकी मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंज होण्यापूर्वीच मेलेला मुलगा, आणि त्याचा मुक्काम पिंपळावर. चाळीत पिंपळ असतोच असे नाही. मग त्याची जागा सामायिक विहिरीने, जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीने किंवा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीने घेतली. रात्री दिवे गेले की गॅलरीत चटया पडत, आणि सांगणारी आजी भुताचे नाव न घेता नुसते ‘ते’ म्हणे, कारण तिन्हीसांजेनंतर नाव घेतले की ‘ते’ येते असा समज होता. गोरेगावच्या आरे रस्त्यावर पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, ही कथा जगभर सांगितल्या जाणाऱ्या वाटेवरच्या भुताच्या कथेचेच रूप आहे. मात्र तिची पावले उलटी असतात, हा तपशील अस्सल इथला, हडळीचा आहे.

कुलाब्याच्या समुद्रकाठी असलेली मुकेश मिल ही शहरातील सर्वांत प्रसिद्ध ‘झपाटलेली’ वास्तू. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि त्याच सुमारास आग लागून ही गिरणी बंद पडली. छप्पर उडालेल्या, दगडी भिंतींवर पिंपळाची रोपे उगवलेल्या या जागेत नंतर चित्रपटांचे चित्रीकरण होऊ लागले, आणि अंधार पडल्यावर तेथे काम करू नये ही समजूत चित्रीकरणाला जाणाऱ्या मंडळींतूनच पसरली. हजारो लोकांचा रोजगार जेथे एकाएकी थांबला त्या आवाराविषयी लोकांनी भुताची गोष्ट रचावी, यात नवल वाटण्यासारखे फारसे काही नाही.

बांधकामाच्या कथांचा पोत वेगळा आहे. मुंबई बेट आणि वरळी यांमधील खाडी बुजवण्यासाठी अठराव्या शतकात घातलेला बांध, म्हणजे हॉर्नबी वेलार्ड, वारंवार खचत होता. तेव्हा काम पाहणाऱ्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांना देवीने दृष्टांत दिला, वरळीच्या खाडीतून मूर्ती वर काढल्यावर बांध टिकला, आणि त्या मूर्तींसाठी महालक्ष्मीचे मंदिर उभे राहिले, अशी स्थळकथा आहे. देवतेला जागा दिल्याशिवाय काम तडीस जात नाही, हे कथाबीज महाराष्ट्रातील किल्ले, तलाव आणि पूल यांच्या कथांतही आढळते.

ताजमहाल हॉटेलची कथा याच्या नेमकी उलट, शोकान्त आहे. वास्तुशिल्पी विलायतेहून परतला, इमारत पाठमोरी बांधली गेल्याचे त्याने पाहिले आणि वरच्या मजल्यावरून उडी घेतली, असे आजही ठामपणे सांगितले जाते. हॉटेलचा मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम अपुरे असतानाच वैद्य आजाराने वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुशिल्पीने ते पूर्ण केले. १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून प्रवेशद्वार त्या बाजूला ठेवले होते. इमारतीची पाठ समुद्राकडे असल्याने खोल्यांना समुद्र दिसे आणि वारा मिळे. गेटवे ऑफ इंडिया पूर्ण होऊन खुला झाला तो १९२४ मध्ये. आज जी बाजू ‘पुढची’ वाटते तिला ते महत्त्व पुढे आले, आणि पूर्वीच्या दाराकडे आता पोहण्याचा तलाव आहे. उलट्या बांधलेल्या इमारतीची आणि उडी घेणाऱ्या शिल्पीची हीच कथा ग्लासगो येथील केल्विनग्रोव्ह संग्रहालयाविषयीही सांगितली जाते. ती बोटीतून इकडे आली की कसे, हे ठरवण्याचे साधन नाही; पण वैद्यांचे खरे नाव विसरले जाऊन निनावी साहेबाची उडी तेवढी लक्षात राहावी, हे खटकते.

राजाबाई मनोऱ्याची छाया मात्र कल्पित घटनेतून आलेली नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला आणि त्यांच्या आईचे नाव मिळालेला हा २८० फूट उंच मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. २५ एप्रिल १८९१ रोजी दोन पारशी तरुणी त्यावरून पडून मरण पावल्या आणि ते प्रकरण शहरभर गाजले. मनोऱ्याविषयीच्या भीतिकथांना तेव्हापासून खतपाणी मिळाले.

भुयारांच्या गप्पा फोर्टमध्ये फार. अमुक कचेरीच्या तळघरातून तमुक धक्क्यापर्यंत वाट जाते, हे सांगणारा माणूस प्रत्येक जुन्या इमारतीत भेटतो आणि ती वाट पाहिलेला एकही भेटत नाही. मलबार हिलवरील राजभवनाच्या बाबतीत मात्र जुन्या लोकांचे बोलणे खरे ठरले. परळच्या निवासस्थानी राज्यपाल फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने मृत्यू झाल्यावर १८८५ मध्ये हे निवासस्थान मलबार पॉइंटला हलले. त्याच्या आवारात एक भुयार आहे असे बोलले जाई. ऑगस्ट २०१६ मध्ये एक बंद भिंत फोडली तेव्हा आत सुमारे १५,००० चौरस फुटांचा, तेरा खोल्यांचा तोफखान्याचा तळ सापडला. दारूगोळा कोठे, काडतुसे कोठे, गोळे वर चढवण्याची जागा कोणती, हे सांगणाऱ्या पाट्या दारांवर तशाच होत्या, आणि हवा-उजेडाची व सांडपाण्याची सोयही शाबूत होती. २०१९ मध्ये तेथे संग्रहालय खुले झाले.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा अफवांना सरकारनेच मोकळे रान दिले. जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. युद्धकाळाच्या निर्बंधांमुळे वार्ताहरांना सविस्तर बातम्या बाहेर धाडण्यास मे महिन्यापर्यंत परवानगी नव्हती. त्या अवधीत जपानी हल्ला, घातपात, आकाशातून पडलेले सोने अशा वार्ता घरोघर पोहोचल्या. यांतली सोन्याची वार्ता खरी होती. एक वीट सुमारे मैलभर लांबच्या घराचे छप्पर फोडून आत पडली आणि घरमालकाने ती परत केली. गोदीतला गाळ काढताना पुढे अनेक वर्षांनीही विटा सापडल्या.

गूढ विमानांपैकी सर्वांत चर्चिले गेलेले ‘मरुत्सखा’. चिराबाजार भागात राहणारे शिवकर बापूजी तळपदे (जन्म १८६४), हेही पाठारे प्रभूच, यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर मानवरहित विमान १,५०० फूट उंच उडवले, महाराजा सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे यांनी ते पाहिले, ‘केसरी’ने बातमी छापली, आणि नंतर तो शोध परकीयांच्या हाती गेला, असे आख्यायिका सांगते. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणापेक्षा ते आठ वर्षे आधीचे ठरते, आणि कथेचा सगळा जोर याच आठ वर्षांवर आहे. तळपदे हे ऐतिहासिक व्यक्ती होते आणि संस्कृत ग्रंथांतील विमानांचा त्यांना ध्यास होता, याबद्दल वाद नाही. ‘केसरी’चा तो अंक मात्र कोणी पुढे ठेवलेला नाही. विमान पाऱ्याच्या आयन इंजिनावर, म्हणजे विद्युतभारित कण मागे फेकून रेटा मिळवणाऱ्या इंजिनावर, चालले, हा तपशील तर उघडच उशिराची भर आहे: असे इंजिन अवकाशात १९६४ मध्ये चाचणीसाठी धाडले गेले, ते निर्वात जागेतच उपयोगी पडते, आणि त्याचा रेटा इतका क्षीण असतो की चौपाटीवरच्या वाळूवरून ते स्वतःलाही उचलू शकत नाही.

या आख्यायिकेला ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा आधार दिला जातो. हा ग्रंथ सुब्बराय शास्त्री यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात तोंडी सांगून लिहवला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ मध्ये त्याची तपासणी केली. ग्रंथ १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण त्या उडाल्या नाहीत, अशी नोंदही त्या अभ्यासात आहे. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि मोठा वाद झाला.

मुंबईहून निघालेल्या खऱ्या विमानांपैकी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर आदळले. त्यात डॉ. होमी भाभांसह ११७ जण मरण पावले. वैमानिकाचा डोंगराच्या संदर्भातील स्थानाचा अंदाज चुकला असे फ्रेंच चौकशीत ठरले, तरी घातपाताची वदंता मिटली नाही. त्याच डोंगरावर १९५० मध्ये याच कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ कोसळले होते, हा योगायोग तिला पुरक ठरला. हिमनदी वितळू लागल्यापासून अवशेष खाली येत आहेत. २०१२ मध्ये परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी मिळाली, आणि २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी छापलेली वृत्तपत्रे, वाळवल्यावर वाचता येतील अशा स्थितीत, बर्फातून बाहेर आली.