एसएनसीयूतून (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातून) सुटलेलं बाळ पुन्हा दाखल का होतं? थोडी पार्श्वभूमी

दिवस पुरे न भरलेलं, वजनाला कमी, जुळ्यातलं, बरेच दिवस ऑक्सिजनवर राहिलेलं, अंगावर नीट न ओढणारं. अशी बाळं घरी गेल्यावर कावीळ, छातीतला कफ किंवा जंतुसंसर्ग घेऊन परत येतात, हे बालरोगतज्ज्ञांना पाठ आहे. पूर्वी हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण यातली बरीच बाळं वाचतच नसत. 1972 साली गरोदर आईला स्टिरॉइड देण्याचा फायदा दिसला, 1980 साली फुप्फुसं उघडी ठेवणारं सर्फॅक्टंट बाळाच्या फुप्फुसात सोडणं जमलं आणि मग घरी जाणाऱ्या नाजूक बाळांची संख्या वाढत गेली.

खरा वाद सोडायचं कधी, यावर. वजन ठरावीक आकड्याला टेकल्याशिवाय सोडायचं नाही, असा जुना दंडक होता. 1986 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात काही बाळांना नेहमीपेक्षा सुमारे 11 दिवस आधी आणि 200 ग्रॅम कमी वजनावर घरी पाठवलं, तरी पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण वाढलं नाही. हा निष्कर्ष जो तो सांगतो. पण त्या बाळांमागे घरी येणारी, फोनवर भेटणारी प्रशिक्षित नर्स होती, हे सांगताना गाळलं जातं. खाटा कमी पडल्या की अर्धाच निष्कर्ष सोयीचा असतो.

आपल्याकडे जिल्हा रुग्णालयांत हे कक्ष आले ते प्रामुख्याने 2005 नंतर. 2011 मध्ये आजारी नवजाताचे उपचार आणि ने-आण सरकारी दवाखान्यात मोफत झाली. त्याच वर्षी आशाताईंच्या घरभेटी ठरल्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. वेळापत्रक चांगलंच आहे. पण ते गृहीत धरतं की बाळ एका जागी राहील.

कोकणात पहिलं बाळंतपण माहेरी. डिस्चार्ज कार्डावर पत्ता सासरचा, संगमेश्वरचा. बाळंतीण लांज्याला आईकडे. आणि मोबाइल नंबर नवऱ्याचा, जो विरारच्या खोलीवर असतो. तपासणीची तारीख चुकली म्हणून केलेला फोन त्याला लागतो. माहेरच्या आशाताईच्या यादीत बाळ नाही, सासरच्या यादीत आहे पण घरात नाही. सव्वा महिना झाला की मुक्काम पुन्हा बदलतो. वजन, आठवडे कार्डावर चोख असतात. बाळ नेमकं कुणाच्या घरी चाललंय याला रकाना नाही, आणि माझ्या मते इथला सगळ्यात दुर्लक्षित धोका तोच.

त्यात पावसाळा. दुपटी वाळत नाहीत, म्हणून बाळ शेगडीजवळ. न्हाणं झालं की ओव्याची धुरी. कमी दिवसांच्या फुप्फुसांना हा धूर सोसत नाही. आजी मायेनेच करते, तिला रागावून उपयोग नाही. सोडतानाच समोर बसवून सांगावं लागतं.

शिवाय सावंतवाडीकडचं बाळ बिघडलं की घरचे पुष्कळदा सरळ गोवा गाठतात, कणकवलीकडचे घाट चढून कोल्हापूर. ज्या कक्षाने सोडलं तो फक्त आपल्याच दारी परतलेली बाळं मोजत असेल, तर ही बाळं त्याच्या हिशेबात सुखरूपच राहतात.